चकमक : एका जुन्या शब्दाची कुळकथा

देवालयाचा जीर्णोद्धार पुरा होऊन देवतेची पुनःप्रतिष्ठा होते, त्या वेळी होमकुंडातील अग्नी पुष्कळ ठिकाणी काडेपेटीने पेटवीत नाहीत. पिंपळाच्या लाकडाचा एक ठोकळा जमिनीवर आडवा ठेवतात. त्याच्या खळग्यात एक दांडा उभा बसवतात. एकाने तो वरून दाबून धरायचा आणि दुसऱ्याने त्याला दोरीचे वेढे देऊन, घरात रवीने ताक घुसळतात तसा, उलटसुलट फिरवायचा. काही वेळाने खळग्यातून धूर येतो, काळा भुसा धुमसू लागतो, तो कापसावर किंवा नारळाच्या काथ्यावर घेऊन फुंकर घातली की अग्नी प्रकट होतो आणि जमलेली मंडळी हात जोडतात. यालाच अरणिमंथन म्हणतात.

या साहित्याची नावेही वाचकांना ठाऊक असावीत. खालचा ठोकळा ती अधरारणी, वरची ती उत्तरारणी. उत्तरारणीचा तुकडा काढून दांड्याच्या टोकाला बसवतात तो प्रमंथ, दांडा म्हणजे चात्र, वरून दाबून धरायची ती ओविली आणि दोरी म्हणजे नेत्र. शमीच्या झाडावर उगवलेल्या पिंपळाचे लाकूड त्यासाठी उत्तम मानले आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील एकोणतिसावे सूक्त या मंथनाचेच आहे, आणि शतपथ ब्राह्मणात खालच्या अरणीला उर्वशी व वरच्या अरणीला पुरूरवा ही नावे दिली आहेत. केरळातील पांजाळ या गावी १९७५ च्या एप्रिलमध्ये नंबुद्री ब्राह्मणांनी बारा दिवसांचे अग्निचयन केले, तेव्हाही अग्नी अरणीतूनच काढला होता. त्या विधीचे चित्रीकरण झाल्यामुळे ते मंथन जगभरच्या अभ्यासकांना पाहावयास मिळाले.

असे मंथन पाहून घरी परतणारे एखादे चौकस पोर सहज विचारते, "काडेपेटी नव्हती तेव्हा आजीची चूल कशी पेटायची? रोज सकाळी अरणी फिरवीत बसायचे काय?" प्रश्न रास्त आहे. अरणी यज्ञासाठी होती. चुलीसाठी, विडीसाठी, समईसाठी, होडीतल्या शेगडीसाठी निराळे साधन होते आणि त्याचे नाव चकमक. पण हे उत्तर ऐकून ते पोर आणखीच गोंधळात पडते. कारण चकमक हा शब्द त्याला माहीत आहे तो वर्तमानपत्रातला. पोलीस आणि गुंडांत चकमक होते, गडचिरोलीच्या जंगलात चकमक होते, विधानसभेत दोन आमदारांची शाब्दिक चकमक होते. त्यात चुलीचा संबंध कोठे आला?

संबंध आहे आणि तो फार जुना आहे.

प्रथम वस्तू पाहू. चकमक म्हणजे पोलादाची बोटभर लांबीची जाड पट्टी. कोणी ती सरळ ठेवी, कोणी तिची टोके आत वळवून मुठीत नीट बसेल अशी करवून घेई. गावचा लोहार मोडक्या कानशीच्या तुकड्याचीही चकमक करून देत असे, आणि ती चांगली चाले, कारण कानशीचे पोलाद कडक असते. जोडीला गारेचा म्हणजे गारगोटीचा धारदार कपचा लागे. गार शोधायला लांब जावे लागत नसे. पारसिकचा डोंगर ज्या काळ्या पत्थराचा आहे, तो सबंध दख्खनभर पसरला आहे आणि त्या पत्थरातील पोकळ्यांत गार आणि तिच्या जातीचे इतर कठीण दगड सापडतात. ओढ्याच्या पात्रातही असे गोटे मिळत. तिसरी वस्तू म्हणजे ठिणगी झेलणारा कापूस. साधा कापूस ठिणगी धरीत नाही. तो आधी जाळून अर्धवट कोळसा झालेला लागतो. सावरीचा कापूसही वापरीत. कोकणात भेर्ली माडाच्या झावळीच्या बुडाशी पिंगट लव असते, तीही खरवडून घेत. ही लव ठिणगी झटकन धरते. हे सर्व सामान एका बटव्यात किंवा पितळी नळीत घालून कमरेला खोचले की माणूस निर्धास्त.

वापरण्याची रीत अशी. डाव्या हातात गार आणि तिच्या कडेशी बोटाने दाबलेला कापूस, उजव्या हातात पोलाद. पोलाद गारेच्या धारेवर वरून खाली सपकन ओढायचे. पुष्कळांची समजूत असते की ठिणगी दगडातून निघते. वस्तुतः ती लोखंडाची असते. गार पोलादाहून कठीण असल्यामुळे तिच्या धारेने पोलादाचा अगदी बारीक कीस निघतो. तो घर्षणाने इतका तापतो की हवा लागताच पेट घेतो. तोच जळता कीस म्हणजे ठिणगी. म्हणूनच मऊ लोखंडाची चकमक होत नाही आणि दोन गारगोट्या एकमेकींवर आपटून अंधारात उजेडाची चुणूक दिसली तरी कापूस पेटत नाही. ठिणगी कापसावर पडली की लालबुंद ठिपका दिसतो. ज्वाला मात्र येत नाही. फुंकर घालीत तो ठिपका वाढवायचा, मग त्यावर वाळले गवत किंवा टोकाला गंधक लावलेली काडी धरायची, तेव्हा कोठे ज्योत मिळे. हवा कोरडी आणि हात सरावाचा असेल तर सारे काम पाच-दहा फटक्यांत होई. परंतु कळवा हे खाडीकाठचे गाव. आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, मिठाच्या मडक्याला पाणी सुटते, तेथे कापूस कोरडा कसा राहणार? पावसाळ्यातली चकमक म्हणजे बोटांची सालटी काढणारे काम होते.

आता शब्द पाहू. चकमक, चकचक, चमक, चकाकणे हे शब्द ऐकायला एका कुळातले वाटतात. त्यामुळे चकमक हाही आपल्याकडील असाच ध्वनीवरून बनलेला शब्द असावा, असे सांगणारे भेटतात. त्यांच्या कानाला दोष देता येत नाही, परंतु हा शब्द चमक या शब्दापासून आलेला नाही. तो मूळचा तुर्की आहे. तुर्की भाषेत 'चाक' या धातूचा अर्थ आघात करणे, ठोकणे असा आहे. खिळा ठोकणे याला तोच धातू लावतात आणि वीज चमकते तेव्हाही तोच. त्यापासून झालेला 'चाकमाक' म्हणजे ठोकून अग्नी पाडण्याचे साधन. काशगरचा महमूद या पंडिताने अकराव्या शतकात, १०७२ नंतरच्या काही वर्षांत, तुर्की भाषेचा मोठा कोश रचला. त्यातही हा शब्द आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यातले अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे, म्हणजे शिलाहारांचे कारागीर तेथे छिन्नी चालवीत होते त्याच सुमारास हजारो कोस दूर हा शब्द कोशात लिहिला जात होता.

तुर्कीतून तो फार्सीत गेला. फार्सीत त्याचे चकमाक आणि चखमाक असे उच्चार झाले. तुर्क सरदार, इराणी मुत्सद्दी आणि त्यांच्याबरोबर आलेले शिपाई, सुतार, लोहार, भटारी यांच्या तोंडून तो हिंदुस्थानात उतरला. दख्खनमध्ये १३४७ साली बहामनी राज्य उभे राहिले, पुढे त्याच्या शाह्या झाल्या, आणि या राज्यांच्या फौजांत मराठे शिपाई व तुर्क-इराणी शिपाई एकाच तळावर राहत आले. एकाने विडा काढायचा आणि दुसऱ्याने चकमक, अशाच रीतीने शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातात. त्यासाठी पंडितांची सभा भरावी लागत नाही. चाकू, कैची, तोफ, चमचा हे शब्दही तुर्की भाषेतूनच, बहुधा फार्सीच्या वाटेने आपल्याकडे आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले, ते योग्यच झाले. तरीही जे शब्द चुलीपाशी आणि बाजारात रुळले होते ते राहिले. चमच्याला कोणी हलवू शकले नाही आणि चकमकीलाही नाही.

गंमत अशी की चकमक या साधनाला मराठीत आधी कोणते नाव होते, असे विचारले तर गार आणि पोलाद ही दोन सुटी नावेच पुढे येतात. जोडीला एकच नाव मिळाले ते या परकीय शब्दाने. तो इतका आपला झाला की त्याला क्रियापदेही खास मराठी मिळाली. चकमक पाडतात, चकमक झाडतात. झाडणे म्हणजे येथे केर काढणे नव्हे. हात झटकून ठिणग्या खाली पाडणे, हा त्यातला भाव आहे. बंदूक झाडणे यातही तोच.

झाडणे या क्रियापदातच भांडणाच्या अर्थाची किल्ली आहे. माणूस चकमक झाडतो, आणि तिच्या ठिणग्या झडतात किंवा उडतात. दोन पथके समोरासमोर आली, तलवारीवर तलवार आपटली, चार बार उडाले आणि दोघेही मागे हटले, तर त्याला 'चकमक झडली' किंवा 'चकमक उडाली' म्हणू लागले. लढाई जुंपते, युद्ध पेटते, वेढा पडतो, पण चकमक झडते आणि उडते. क्रियापद ठिणगीचे ते ठिणगीचेच राहिले. अर्थाची छटाही तंतोतंत जपली आहे. चकमक म्हणजे मोठे युद्ध नव्हे. दोन कठीण वस्तूंचा क्षणभर आघात, थोड्या ठिणग्या आणि पुन्हा अंधार. कापसाने धरली तर आग, नाही तर काही नाही. पानिपतची चकमक असे कोणी म्हणणार नाही.

हा अर्थ तुर्कीत नाही. हिंदीतही नाही. हिंदी माणसाला चकमक म्हटले की गारगोटी आठवते. पोलिसांच्या गोळीबाराला तो मुठभेड म्हणतो. भोपाळच्या एकलव्य या संस्थेने १९८५ साली मुलांसाठी मासिक काढले, त्याचे नाव 'चकमक' ठेवले. बुद्धीची ठिणगी पाडणारे, या अर्थाने हे नाव किती समर्पक आहे! मराठीत मुलांच्या मासिकाला ते नाव दिले असते तर पालकांना ते हाणामारीचे पुस्तक वाटले असते. पण शेजारच्या कन्नड भाषेत पाहावे. कन्नड वर्तमानपत्रांत गोळीबाराला 'गुंडिन चकमकि' आणि वादावादीला 'मातिन चकमकि' म्हणतात. गुंडु म्हणजे गोळी आणि मातु म्हणजे बोलणे. गुजरातीतही दोघांत चकमक 'झरते', म्हणजे खटका उडतो. तेव्हा भांडणाचा हा अर्थ दख्खन आणि गुजरात या पट्ट्यातला ठरतो. मराठी, कन्नड आणि गुजराती या तिन्ही भाषा जेथे एकमेकींना भेटत, त्या पट्ट्यात मराठ्यांची घोडदळे शतक-दीड शतक फिरत होती. अर्थ त्यांच्याच तळांवरून पसरला असावा, हा तर्क मनाला पटतो.

बंदुकीचाही यात वाटा आहे. शिवकालात जी बंदूक सर्रास होती ती तोड्याची. तोडा किंवा जामगी म्हणजे सतत धुमसत ठेवलेली सुताची वात. चाप ओढला की ती वात कानावरच्या रंजकेत टेके आणि बार उडे. पावसात तोडा विझला की बंदुकीची काठी होई. पुढे युरोपात घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा बसवलेली बंदूक निघाली. चाप ओढताच गार पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी थेट रंजकेवर पडे. फार्सीत तिला चकमाकी म्हणत, मराठीत ती चकमकीची बंदूक झाली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादजी शिंद्यांनी दि बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांच्या हाती अशा बंदुका आल्या. म्हणजे आजीच्या बटव्यातले साधन आणि शिपायाच्या खांद्यावरचे हत्यार, दोहोंची करामत एकच होती. गारेवर पोलाद आपटले की चूलही पेटे आणि माणूसही मरे.

कळव्याच्या समोरच्या काठाने असे प्रसंग पुष्कळ पाहिले आहेत. पोर्तुगिजांनी १७३० साली ठाण्याचा किल्ला बांधावयास घेतला. तो पुरा होण्याआधीच १७३७ च्या मार्च अखेरीस मराठ्यांनी तो घेतला. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी त्या मोहिमेसाठी जी खटपट केली ती या भागात अजून अभिमानाने सांगतात. दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हिसकावला. या मोठ्या तारखांच्या मध्ये खाडीच्या दोन्ही काठांवर ज्या लहानसहान झटापटी झाल्या असतील, त्यांना कोणत्या बखरीत जागा मिळणार? त्यांच्यासाठी मराठीने एकच शब्द राखून ठेवला.

येथवर वाचून कोणाला वाटेल की जुन्या काळी घरोघरी दररोज चकमक झाडीत असत. तसे नव्हते. चकमक हा शेवटचा उपाय होता. पहिला उपाय विस्तव विझू न देणे हा होता. रात्री निजण्यापूर्वी घरची बाई चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवी. भाताच्या गावात तुसाला तोटा नाही. तुसाच्या ढिगात शेणी खुपसून ठेवली तर पहाटेपर्यंत आच टिकते. पहाटे राख बाजूला सारायची, दोन काटक्या ठेवायच्या आणि फुंकणीने फुंकायचे. आणि राखेखाली निखारा गार झालेला निघाला तर? तर खापरात किंवा पळीत थोडी राख घेऊन शेजारी विस्तव मागायला जायचे. त्या काळच्या बायकांची पहाटेची पहिली भेट ही अशी होई. कोणाचे मूल रात्रभर रडले, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची होडी परत आली नाही, हे सारे विस्तवाबरोबर घरोघर जाई. विस्तव मागायला आली आणि घरची मालकीण होऊन बसली, अशा अर्थाची म्हण मराठीत आहे. ती कोणा सासूने रचली असावी हे उघड आहे.

म्हणूनच मराठीत वैराची सर्वांत कडक व्याख्या विस्तवावरून झाली. 'त्या दोघांतून विस्तव जात नाही' असे म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. भांडण झाले, बोलणे बंद झाले, तरी विस्तव मागितला तर देत असत. तो कोणाला नाकारू नये असा संकेत होता. दोन घरांमध्ये विस्तवाचे देणेघेणेही थांबले म्हणजे वैर परमावधीला पोचले. देवळातल्या समईचे महत्त्वही यात आहे. नंदादीप विझू द्यावयाचा नाही, हा धर्म तर खराच, पण काकड्याला पहाटे लागणारी ज्योतही त्याच दिव्यावरून घेता येई. होळीचा विस्तव घरी आणून त्यावर पाणी तापवण्याची चाल महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी होती, त्या दिवशी एकाच आगीचा वाटा घरोघर जाई.

मात्र हे चित्र रंगवताना एक गोष्ट झाकून ठेवू नये. विस्तवाची ही देवघेव सगळ्या गावाची नव्हती. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना ज्या ओट्यांवर पाय ठेवण्याची बंदी होती, त्या ओट्यांवर जाऊन विस्तव मागणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांचा विस्तव त्यांच्याच वस्तीत फिरे. तेथला विझला तर चकमक होतीच, आणि चकमक कोणाची जात विचारीत नसे. पोलादाची ही पट्टी कोणाला सोयीची होती आणि कोणाला गरजेची, हा फरक शब्दकोशात मिळत नाही.

पुढे काडेपेटी आली आणि चकमक व मागितलेला विस्तव, दोन्ही गेले. इंग्लंडमधल्या जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने १८२६ साली घासून पेटणारी काडी बनवली आणि पुढल्या वर्षी ती विकावयास काढली. ती काडी कोठेही घासली तरी पेटे, त्यामुळे धोक्याची होती. पेटीच्या कडेवरच घासली तर पेटणारी सुरक्षित काडी स्वीडनमध्ये तयार झाली. १८४४ साली पाश या रसायनज्ञाने तिचा हक्क नोंदवला आणि लुंडस्ट्रम बंधूंनी यंकपिंगच्या कारखान्यात ती मोठ्या प्रमाणावर काढली. कळव्यावरून आगगाडी धावू लागली ती १ मे १८५४ रोजी, ठाणे ते कल्याण हा फाटा सुरू झाला तेव्हा. इंजिनाच्या भट्टीतली आग गावाने अशी पाहिली, आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या व पुढे जपानच्या काड्या मुंबई बंदरातून बाजारात येऊ लागल्या.

काडेपेटीच्या कथेत ठाणे जिल्ह्याला मानाचे पान आहे. सरकारने १९२२ साली परदेशी काड्यांवर जबर जकात बसवली. तेव्हा स्वीडनच्या कंपनीने येथेच कारखाना काढायचे ठरवले आणि १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, स्थापन केली. तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. लोकलने कल्याण सोडल्यावर तिसरे स्टेशन. साऱ्या देशात जिची काडी पेटली ती कंपनी या जिल्ह्यातली, आणि अंबरनाथला विम्को नाका हे नाव आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहे. त्याच वर्षांत दक्षिणेत शिवकाशीला काड्यांचा धंदा सुरू झाला, आणि पुढे हातकामाच्या स्वस्त काडीने त्या गावाने बाजार काबीज केला. एक रुपयाची पेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली, तरी तिच्याइतकी स्वस्त वस्तू घरात दुसरी शोधून सापडायची नाही.

काडीनेही आपले नाव भांडणात गुंतवून घेतलेच. काडी लावणे, काड्या घालणे, आगलावेपणा करणे. अग्नी पेटवण्याचे जेवढे मार्ग मराठी माणसाने वापरले तेवढे सगळे त्याने कलहाच्या कामाला लावले. चकमक झडते, विस्तव जात नाही, काडी लावली जाते. अपवाद एकट्या अरणीचा. तिच्या मंथनापासून भांडण निघाले नाही, विचारमंथन निघाले. दोरीची दोन्ही टोके आलटून पालटून ओढावी लागतात, एकट्याने ओढून दांडा फिरत नाही, हे त्याचे कारण असेल काय?

तुर्कस्तानात मात्र चाकमाक हा शब्द अजून मूळ कामावरच आहे. तेथे दुकानात चाकमाक मागितला तर दुकानदार सिगारेट पेटवण्याचा लायटर पुढे करतो. त्या लायटरच्या चाकाखाली ठिणगी पाडणारा बारीक खडा असतो, म्हणजे तीही चकमकच, फक्त गारेच्या जागी मिश्रधातू आला. तुर्कस्तानचे एक मोठे सेनापती फेव्झी चाकमाक (१८७६ ते १९५०) यांचे आडनावही हेच. मराठी माणसाला सेनापतीचे आडनाव चकमक असल्याचे ऐकून फारसे आश्चर्य वाटायचे नाही, पण त्याला त्यात लढाई दिसेल आणि तुर्काला विस्तव.

कळवा, खारेगाव, विटावा, पारसिक ही गावे १ ऑक्टोबर १९८२ रोजी स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेच्या पोटात गेली. मिठागरे आणि भातखाचरे बुजली, त्यांवर इमारती आल्या. साऱ्या महाराष्ट्राची वीज कोठून कोठे जायची याचा हिशोब ठेवणारे राज्य भार प्रेषण केंद्र ठाणे-बेलापूर रस्त्यावर, कळवा-ऐरोलीच्या भागातच आहे. बटण दाबले की शेगडी पेटते, काडीही लागत नाही. कौलारू घरे पाडताना माळ्यावरच्या पेट्या खाली येतात आणि त्यांतले पितळ, तांबे वेगळे काढून उरलेले लोखंड भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. त्या लोखंडात बोटभर लांबीची, टोके आत वळवलेली, मधोमध झिजून गेलेली पट्टी असली तर ती दाराची कडी किंवा पेटीचा कोयंडा समजून देऊन टाकतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवावी, तर तेही पुष्कळदा आता हयात नसते.

ओळखण्याची खूण सोपी आहे. कडी भोकाशी झिजते, विळी धारेशी झिजते, आणि चकमक एकाच बाजूच्या सपाट कडेवर, मुठीच्या विरुद्ध अंगाला झिजते. गंज चढला असेल तर ती कड दगडावर घासून चकचकीत करावी, गारेचा नवा कपचा काढावा आणि दिवे मालवून दोन-चार वेळा झाडून पाहावी. पोलाद चांगले असेल तर ठिणगी पडते. पोलाद शंभर वर्षांनीही आपला गुण सोडत नाही.